बोईसरचा असून माहीत नाही?

नोकरीला लागून दुसरं वर्ष चालू होतं. पुण्यात हापिसच्या खाली टपरीवर कटिंग पीत उभे होतो. आमच्या टीममध्ये कानपूरकडचा एक सीनियर होता. बोलता बोलता तो म्हणाला, माझा धाकटा भाऊ ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूलमध्ये लागला. घरी मिठाई वाटली, गल्लीत फटाके लावले. मी आपलं सवयीने 'अरे वा' म्हटलं आणि विचारलं, "कसलं ट्रेनिंग?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "तू बोईसरचा ना रे? तारापूरच्या शेजारचा? आणि तुला ट्रेनिंग स्कूल माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हतं. आमचे बाबा एमआयडीसीत फिटर. 'टॅप्स' हा शब्द आमच्या घरात मी 'आई-बाबा'नंतर लगेच शिकलो असेन. टॅप्सची बस, टॅप्सची कॉलनी, टॅप्सवाले. चिंचणीच्या किनाऱ्यावर भेळ खायला गेलो की दक्षिणेला अणुवीज केंद्र दिसायचं. 'टॅप्समध्ये लागला' हे आमच्याकडचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. मग तो माणूस आत हेल्पर असो की शास्त्रज्ञ. पण आत बसून अणुभट्टी चालवणारा माणूस नेमका कुठून येतो, कुठे शिकतो, हा प्रश्न मला बावीस वर्षांत कधी पडलाच नाही. ती माणसं कॉलनीत असतात, त्यांची मुलंही पुढे तेच होतात, असं काहीतरी गृहीत धरलं होतं. जसं आपण धरतो की नळाला पाणी येतं म्हणजे येतं.

त्या चहानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. विकांताला मिळेल ते वाचलं, भेटेल त्याला विचारलं. त्याच कानपूरवाल्याच्या भावाला तर इतकं पिडलं की तो फोन उचलेनासा झाला होता. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. इतिहास आहे, पण कंटाळवाणा नाही, शपथ.

तर सुरुवात होमी भाभांपासून. भाभा केंब्रिजला संशोधन करत होते. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले आणि तिकडे दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाणं राहिलं ते राहिलंच. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम करता करता मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था काढायला पैसे द्या, असा विषय. पत्रातला युक्तिवाद मात्र भारी आहे. दोनेक दशकांनी अणूपासून वीज बनवायची वेळ येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञ शोधायला परदेशात जावं लागू नये, ते इथेच तयार असावेत. तारीख बघा. हिरोशिमा व्हायला अजून वर्षाहून जास्त वेळ आहे, देश पारतंत्र्यात आहे, आणि हा माणूस वीस वर्षांनी लागणाऱ्या मनुष्यबळाचा विचार करतोय. आमच्याकडे पुढच्या तिमाहीला किती डेव्हलपर लागतील ते तिमाही संपल्यावर कळतं :)

१९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झालं. १९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जा संस्थान उभं राहिलं. भाभांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, त्यालाच भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळालं. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे 'अप्सरा' सुरू झाली. सोव्हिएत युनियन सोडलं तर आशियातली पहिली अणुभट्टी. इंधन ब्रिटनकडून आलं होतं, पण आराखडा आणि बांधणी इथल्याच लोकांची.

आता खरी अडचण सुरू झाली. अप्सरा ही शिकण्यापुरती छोटी भट्टी. कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॉटची 'सायरस' उभी राहत होती, त्यापुढे वीजकेंद्रं यायची होती. त्यासाठी शेकडो माणसं लागणार. ती आणायची कुठून? त्या काळात मेकॅनिकलच्या इंजिनियरला बॉयलर यायचा, टर्बाइन यायचं. न्यूट्रॉन म्हणजे काय ते त्याने ऐकलेलंही नसायचं. भौतिकशास्त्राच्या एमएस्सीवाल्याला न्यूट्रॉन ठाऊक, पण पंप कसा बसवतात ते नाही. केमिस्ट्रीवाला तिसऱ्याच गावचा. अणुभट्टीला तर हे तिघेही एका टेबलावर बसलेले हवेत, आणि एकमेकांची भाषा कळणारे हवेत.

यावर एक उपाय होता, सगळ्यांना परदेशी पाठवणे. थोडेफार जातही होते. पण शेकड्यांनी पाठवायचे तर पैसा हवा, आणि समोरच्याने घ्यायलाही हवं. दुसरा उपाय, विद्यापीठांनी नवे अभ्यासक्रम काढायची वाट बघणे. त्यात किती वर्षं गेली असती ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

भाभांनी तिसरा रस्ता घेतला. ऑगस्ट १९५७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थानाने स्वतःचीच शाळा काढली. ती उभी करण्याचं काम होतं राजा रामण्णांकडे. तेव्हा ते तिशीचेच होते. पुढे १९७४ च्या पोखरण चाचणीमुळे हे नाव देशाला माहीत झालं. शाळेची कल्पना सोपी होती. देशभरातून इंजिनियरिंगचे पदवीधर आणि विज्ञानाचे एमएस्सी निवडायचे, एक वर्ष शिकवायचं, आणि पास होईल त्याला थेट वैज्ञानिक अधिकारी म्हणून कामावर घ्यायचं. शिकत असताना विद्यावेतन. फी नाही. शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक जवळजवळ नाहीतच. जो माणूस सकाळी भट्टीवर काम करतो तोच दुपारी वर्गात येऊन ती भट्टी शिकवतो.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इंजिनियर आणि सायंटिस्ट यांना एकमेकांच्या विषयात मुद्दाम ढकलणं. मेकॅनिकलवाल्याने अणुभट्टीचं भौतिकशास्त्र शिकायचं, किरणोत्सर्गापासून संरक्षण शिकायचं. भौतिकवाल्याने भट्टीतली उष्णता कशी बाहेर काढतात ते शिकायचं. मी स्वतः मेकॅनिकलचा. नोकरीला लागल्यावर आम्हाला तीन महिने जावा शिकवलं होतं. पदवी पुरेशी नाही, कंपनीनेच शिकवून घ्यायचं, ही कल्पना आम्हा आयटीवाल्यांना फार आधुनिक वाटते. ट्रॉम्बेला ती १९५७ पासून चालू आहे. फरक एवढाच की आम्हाला तीन महिन्यांत कामाला जुंपायचं होतं, त्यांना चाळीस वर्षं टिकणारी माणसं हवी होती.

इथे जरा शेजारी बघू. ट्रेनिंग स्कूल निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, २५ जुलै १९५८ ला, याच मुंबईत आयआयटी सुरू झाली. पवईला इमारती नव्हत्या म्हणून पहिले वर्ग वरळीच्या सस्मिरामध्ये भरले. १०० जागा, अर्ज ३,४०० च्या वर. युनेस्कोमार्फत सोव्हिएत युनियनने यंत्रं आणि तज्ज्ञ पाठवले. नेहरूंनी मार्च १९५९ मध्ये पवईला पायाभरणी केली. व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे पु. का. केळकर हे या उभारणीतले महत्त्वाचे मराठी नाव. ते पुढे आयआयटी कानपूरचे पहिले संचालक झाले आणि १९७० मध्ये पवईला संचालक म्हणून परतले.

दोन्ही संस्था एकाच शहरात, वर्षभराच्या अंतराने जन्मलेल्या. दोन्हींची निवड कडक. पण आयआयटीने मुलांना उत्तम शिकवलं आणि दार उघडं ठेवलं. मुलं अमेरिकेला गेली, कंपन्या काढल्या, मूड इंडिगोच्या आठवणी काढत बसली. ट्रेनिंग स्कूलने शिकवायच्या आधीच सांगितलं की काम कुठे आहे. आयआयटीचं नाव आज बोईसरच्या प्रत्येक क्लासच्या बोर्डावर आहे. ट्रेनिंग स्कूलचं मला एकाही बोर्डावर दिसलं नाही.

बरं, आत शिरायचं कसं? हे सध्याचं सांगतो, कारण कुणाला उपयोग झाला तर झाला. या अभ्यासक्रमाला ओसीईएस म्हणतात. इंजिनियरिंगला किंवा एमएस्सीला ६० टक्के हवेत. खुल्या वर्गासाठी वयोमर्यादा २६. पहिली चाळणी गेटच्या गुणांवर. ती पार केली की मुलाखत. आणि इथे गंमत आहे: अंतिम निवड फक्त मुलाखतीवर. गेटला भारतात विसावा आलात की दोनशेवा, मुलाखतीच्या खोलीत पाटी कोरी.

ही मुलाखत म्हणजे 'तुमचे वीक पॉइंट्स सांगा' छापाची नव्हे. पाच-सहा माणसं समोर, हातात कागद-पेन, तासभर निव्वळ विषय. कानपूरवाल्याचा भाऊ सांगत होता, "त्यांनी मला एक साधी बीम काढायला लावली. सोडवली. मग म्हणाले, आता हिला तापव. मग म्हणाले, एक टोक सोड. मग म्हणाले, तू आधी जे सूत्र वापरलंस ते आता का चालत नाही? तिथे मला घाम फुटला." पाठ केलेलं संपतं आणि खरं समजलेलं सुरू होतं, ती रेघ कुठे आहे एवढंच त्यांना बघायचं असतं. उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हण, थापा मारू नकोस, हा त्याचा सल्ला. तो निवडला गेला तेव्हा त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं.

निवड झाल्यावर राहायची सोय अणुशक्तीनगरच्या होस्टेलमध्ये. मानखुर्दला उतरायचं, गेटवर ओळखपत्र दाखवायचं, आणि आत गेलं की मुंबई एकदम गप्प होते. झाडं, टेकडी, रुंद रस्ते. बाहेरून कुणी बघितलं तर म्हणेल, काय मजा आहे! पण दिवसभर तास, संध्याकाळी वाचन, आणि दर आठवड्याला कुठली ना कुठली परीक्षा. कॉलेजात जसं शेवटच्या महिन्यात नोट्स झेरॉक्स करून निघतं तसं इथे निघत नाही, कारण शेवटचा महिनाच नसतो. सगळं वर्षच शेवटचा महिना. ठरावीक गुण नाही मिळाले तर घरी. वर तीन वर्षं नोकरी करण्याचा बाँड. आणि वर्षअखेरचे गुण पुढच्या नेमणुकीलाही उपयोगी पडतात, त्यामुळे काठावर पास होऊनही भागत नाही.

तरी तो भाऊ त्या वर्षाबद्दल बोलतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. खोलीतला एक केरळचा, एक ओरिसाचा, शेजारी जळगावचा. मेसमध्ये चार राज्यांची हिंदी. रात्री दोनला केमिस्ट्रीवाला मेकॅनिकलवाल्याला अणुकेंद्र समजावतोय आणि बदल्यात उष्णतेची गणितं सोडवून घेतोय. रविवारी हार्बरच्या लोकलने सीएसटी, तिथून चालत मरीन ड्राइव्ह, आणि परतीच्या गाडीत सोमवारच्या परीक्षेची उजळणी. शाळेने जे मुद्दाम मिसळलं होतं ते होस्टेलमध्ये आपोआप मुरायचं. अणुऊर्जा खात्यात माणसं आजही एकमेकांना बॅचच्या नंबरने ओळखतात. तू कितवी? मी अमुकावी. निवृत्त झालेला माणूससुद्धा आपला नंबर आधी सांगतो, हुद्दा नंतर.

या बॅचांमधलं आपल्याला माहीत असलेलं नाव म्हणजे अनिल काकोडकर. रुपारेल कॉलेज, मग व्हीजेटीआयमधून १९६३ मध्ये मेकॅनिकल, आणि लगेच ट्रेनिंग स्कूलची सातवी बॅच. वर्षअखेर पहिला नंबर. १९६४ मध्ये ट्रॉम्बेला रुजू झाले, १९९६ मध्ये तिथले संचालक आणि २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे ज्या शाळेत शिकायला आले, तिच्या पूर्ण व्यवस्थेचे प्रमुख झाले. हे एकट्या त्यांचं नाही. खात्यातल्या वरच्या खुर्च्यांवर अनेक वर्षं या शाळेचीच मुलं बसत आली आहेत.

आता आमच्या गावाकडे येऊ. कारण या शाळेचा खरा पेपर वर्गात नाही, तारापूरला झाला.

१९६० मध्ये पहिल्या अणुवीज केंद्रासाठी जगभरातून निविदा मागवल्या. जागा तारापूर, कारण कोळशाच्या खाणी लांब, थंड करायला समुद्राचं पाणी जवळ, आणि महाराष्ट्र-गुजरात दोघांना वीज देता येईल अशी मधली जागा. अमेरिकेशी करार झाला १९६३ मध्ये. जनरल इलेक्ट्रिकने १९६४ मध्ये बांधायला घेतलं, आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला २१० मेगावॉटच्या दोन्ही भट्ट्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र. पण होतं ते किल्ली हातात देण्याच्या कराराचं. म्हणजे घर बिल्डरने बांधलं, आपण सामान घेऊन राहायला गेलो. इंधनाचं समृद्ध युरेनियमही अमेरिकेतूनच येणार होतं.

मग १८ मे १९७४ ला पोखरणची चाचणी झाली आणि बिल्डर रुसला. इंधन देण्यात अडथळे सुरू झाले. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि प्रकरण आणखी चिघळलं. शेवटी १९८२ मध्ये तडजोड होऊन फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. तेही १९९३ मध्ये संपलं. पुढे चीन आणि रशियाकडून मिळालं. मधल्या काळात तारापूरलाच भाभा केंद्राच्या कारखान्यात, वापरलेल्या इंधनातून काढलेलं प्लुटोनियम मिसळून नव्या प्रकारचं इंधन बनवलं आणि १९९० च्या दशकात ते याच भट्ट्यांत वापरून बघितलं. यंत्रंही थकत होती. वाफ तयार करणाऱ्या उपकरणांच्या नळ्या निकामी झाल्या, तेव्हा ती बाजूला काढून भट्ट्या १६० मेगावॉटवर चालवायचं ठरलं. दुसऱ्याने लिहिलेला कोड, सपोर्ट बंद, आणि सिस्टिम एक दिवस बंद ठेवता येत नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हे काय दुखणं असतं ते. ते दुखणं या लोकांनी पन्नास वर्षं सांभाळलं. २०२० मध्ये या दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या.

राजस्थानात रावतभाट्याला तेच झालं. तिथे कॅनडा मदत करत होता, १९७४ नंतर तोही निघून गेला. अर्धवट राहिलेली दुसरी भट्टी इथल्या इंजिनियरांनी पुरी केली.

आणि मग तारापूरच्या त्याच आवारात भट्टी क्रमांक ३ आणि ४. प्रत्येकी ५४० मेगावॉट. आराखडा भारतीय, बांधणी भारतीय. चार नंबर सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झाली, तीन नंबर ऑगस्ट २००६ मध्ये. (हो, चार आधी आणि तीन नंतर. आम्हाला लहानपणी वाटायचं की साहेबांना मोजता येत नाही.) एकाच कुंपणात एका बाजूला विकत घेतलेलं घर आणि दुसऱ्या बाजूला स्वतः बांधलेलं. मध्ये पस्तीसेक वर्षं. या पस्तीस वर्षांत काय केलं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे, दरवर्षी एक बॅच. हे एकच कारण होतं असं नाही. पैसा होता, राजकीय पाठबळ होतं, कारखानदारी तयार झाली होती. पण परदेशी माणूस उठून गेल्यावर खुर्चीत बसायला माणूस तयार नसता, तर पैसा काय कामाचा होता?

इथवर वाचून वाटेल की मी आरती ओवाळतोय. तसं नाही. दुसरी बाजू आहे, आणि ती बोईसरवाल्याने नाही सांगायची तर कोणी?

पहिली गोष्ट, माणसं वेळेवर तयार झाली, भट्ट्या नाही झाल्या. १९८४ च्या आराखड्यात २००० सालापर्यंत १०,००० मेगावॉट अणुवीज करायची असं ठरलं होतं. २००० साल उजाडलं तेव्हा सगळ्या देशाची मिळून ३,००० सुद्धा नव्हती. शाळा चांगली असली म्हणून गाडी वेळेवर येत नाही.

दुसरी, हे सगळं एका खात्याच्या भिंतीच्या आत राहिलं. तिथेच शिकायचं, तिथेच नोकरी, तिथेच पुढच्या बॅचला शिकवायचं. भट्टी सांभाळायला ही सलगता उत्तम. पण प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस लागतो, तो आत फारसा येत नाही. गंमत म्हणजे पहिली ४८ वर्षं या शाळेला पदवी द्यायचाही अधिकार नव्हता. जून २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्थान या नावाने अभिमत विद्यापीठ झालं, तेव्हा ट्रेनिंग स्कूलच्या वर्षभराला जोडून एमटेक आणि पुढे पीएचडीची सोय झाली. हे विद्यापीठही आपल्या डोक्यातल्या विद्यापीठासारखं नाही. एक कॅम्पस नाही. ट्रॉम्बे, कल्पाक्कम, इंदूर, कोलकाता अशा ठिकाणच्या दहा संस्था मिळून ते बनलं. परळचं टाटा हॉस्पिटल, म्हणजे टाटा स्मारक केंद्र, हाही त्याचाच एक भाग. कॅन्सरचा डॉक्टर आणि अणुभट्टीचा इंजिनियर एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी, असं आणखी कुठे असेल माहीत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला टोचते. तीन आणि चार नंबरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या गावांतल्या आणि आजूबाजूच्या माणसांना आत काम मिळालं ते बहुतेक कंत्राटी. गवत काढणं, सफाई, रंगकाम, वेल्डिंग. कंट्रोल रूममध्ये बसणारा माणूस अखिल भारतीय निवडीतून येणार. ते बरोबरच आहे. अणुभट्टी काय गावच्या जत्रेचं मंडळ नाही की स्थानिकांना प्राधान्य द्या म्हणावं. मुद्दा वेगळा आहे. निवडीचं दार कानपूरच्या मुलाला माहीत होतं आणि बोईसरच्या मुलाला नव्हतं. कुणी लपवलं नव्हतं. जाहिरात पेपरात येते, सगळ्यांसाठी असते. पण ज्या घरात ती वाचून 'अरे हे तुझ्यासाठी आहे' म्हणणारा कुणी नाही, त्या घरात ती येऊन न आल्यासारखीच. कॉलनीतल्या मुलांच्या घरात असा माणूस रोज जेवायला असायचा. भिंतीच्या बाहेर आमच्याकडे नव्हता. ती भिंत पाच-सहा फुटांची असेल.

माझं काय झालं तेही सांगून टाकतो. चोविसाव्या वर्षी गेटचा फॉर्म भरला. रात्री रिलीज, पहाटे थर्मोडायनॅमिक्स असा सहा महिने तमाशा केला. गुण आले, पण मुलाखतीच्या बोलावण्याला पुरतील इतके नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसलो, पुन्हा तेच. मग सव्वीस उलटलं. दुःख फार नाही. जे विद्यार्थी चार वर्षं मन लावून शिकले त्यांच्या रांगेत मी दोन वर्षं नोकरी सांभाळत घुसायला बघत होतो, तर मागे राहणारच. फक्त वाटतं की कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हे कळलं असतं तर निदान फ्लुइड मेकॅनिक्स झेरॉक्सवर काढलं नसतं.

गेल्या विकांताला घरी गेलो होतो. शेजारच्या काकूंची मुलगी पालघरला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकलच. सकाळची लोकल पकडते, दुपारी उशिरा परत येते. कॉलेज कसं चाललंय विचारलं तर म्हणाली, "चाललंय दादा. सगळे म्हणतात कोडिंग शिक, कोअरला काही नाही."

मी तिला बसवलं आणि हे सगळं सांगितलं. ऑगस्ट १९५७ पासून नाही, घाबरू नका. एवढ्या वर्षांचा इतिहास गाळून फक्त कामाचं: ६० टक्के, गेट, मुलाखत, सव्वीस वर्षं. मुलाखतीत बीम तापवायला लावतात तेही सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने जे विचारलं ते ऐकून मला आधी हसू आलं, आणि नंतर नाही आलं.

"पण दादा, ते कॉलनीतल्या मुलांनाच घेतात ना?"

"नाही गं," मी म्हटलं, "कुणालाही घेतात. फक्त अर्ज करावा लागतो."

तिने मोबाइल काढला आणि 'ओसीईएस' कसं लिहायचं ते विचारलं.